हायब्रीडवाले नाईकसाहेब

मेसमधल्या भाजीवरून आपण रोज भांडतो, पण उद्या पीठच मिळणार नाही अशी भीती कुणालाच वाटत नाही. ही बेफिकिरी ज्यांच्यामुळे मिळाली, त्यांत वसंतराव नाईक येतात. मी कामरगावचा, जिल्हा वाशिम. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'नाईकसाहेब' आणि 'हायब्रीड' हे शब्द जोडीनेच येतात.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ चा, पुसदजवळच्या गहुलीत, बंजारा शेतकरी घरात. नागपूरला कायदा शिकले, अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिली केली, १९५२ ला आमदार झाले. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ ते सलग मुख्यमंत्री होते.

काळ कठीण होता. १९६१ ते १९७१ मध्ये राज्याची लोकसंख्या ३.९५ कोटींवरून ५.०४ कोटींवर गेली. देश अमेरिकन गव्हावर जगत होता. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि वसंतरावांनी ती उचलून धरली. १९६५ ला तर राज्य दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्यासाठी त्यांनी पुण्यात चक्क स्वतःची फाशी पैजेला लावली!

या ज्वारीचं ताट बुटकं, पीक लवकर येणारं, खताला साथ देणारं. पण प्रत्येक डिझाईनची किंमत असतेच. कडबा कमी, बियाणं दरवर्षी नवं, आणि कणीस पावसात सापडलं की दाणा काळा.

त्यात १९७२ चा दुष्काळ आला. आकाशच कोरडं, तिथे बियाणं काय करणार? लोकांनी परदेशी मिलो खाल्ली. पैज निसर्गाने उधळली, पण माणूस खचला नाही. रोजगार हमीतून हातांना काम मिळालं, बंधारे-तलाव झाले. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (१९७२) ही चारही कृषी विद्यापीठं त्यांच्याच कारकिर्दीतली. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला ते गेले. त्यांचा जन्मदिवस आज राज्यात कृषी दिन आहे.

२०११ ला आपण ११.२४ कोटी झालो, तरी धान्य पुरलं. म्हणजे तंत्रज्ञान लोकसंख्येच्या मागे पडलं नाही. पण आमच्या शिवारात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, तरी नजर अजून ढगांकडेच. मला वाटतं, बियाणं पुढे धावलं, पाणी मागे राहिलं. आणि पाणी अडवणं, साठवणं, मोजून देणं हे काम कृषीवाल्यांइतकंच आपलं, म्हणजे सिव्हिल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं आहे. नाईकसाहेबांची अर्धी पैज आपल्याकडे बाकी आहे.