घरट्याशी निष्ठा राखणाऱ्या पक्ष्यांचा पहारेकरी

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहराजवळच्या तायारोआ भूशिरावर १९२० च्या सुमारास रॉयल अल्बाट्रॉस हे समुद्रपक्षी घरटी करू लागले. पंखविस्तार सुमारे तीन मीटर. मादी एका विणीत एकच अंडे घालते, आणि पिल्लू वाढले तर पुढची वीण दोन वर्षांनी. तायारोआवर मात्र कधी माणसे अंडी पळवीत, कधी पिल्लू मारले जाई. तरीही जोड्या पुन्हा तेथेच परतत. जागेवरील निष्ठा त्यांच्याच मुळावर उठली होती.

हे दुष्टचक्र भेदले ते एका शिक्षकाने. १९०० साली जन्मलेले लान्स रिचडेल ओटागो परिसरातील शाळांमध्ये शेती व निसर्गअभ्यास शिकवीत. पक्षिनिरीक्षण चाले ते शाळेच्या वेळेबाहेर. अल्बाट्रॉसचे अंडे सुमारे अकरा आठवडे उबवावे लागते. पुढे पिल्लू उडेपर्यंत जवळपास आठ महिने जातात. सुटीत रिचडेल यांनी भूशिरावर तंबू ठोकून पहारा दिला. १९३८ मध्ये तेथील पहिले पिल्लू सुखरूप समुद्राकडे झेपावले.

रिचडेल यांची दुसरी देणगी अभ्यासपद्धतीची. पक्ष्यांच्या पायांत खुणेची कडी अडकवून एकेका पक्ष्याची वर्षानुवर्षांची नोंद त्यांनी ठेवली. पक्षी ठरावीक जागी परततो, म्हणूनच हे शक्य झाले. पिवळ्या डोळ्यांच्या पेंग्विनांवरील त्यांचे निरीक्षण १९३६ पासून अठरा वर्षे चालले. कोण कुठे परतला, कोणाचा जोडीदार टिकला, कोणाचा बदलला, याचा हिशेब त्यातून मिळाला. १९५७ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केलेला त्यांचा पेंग्विनविषयक ग्रंथ या क्षेत्रात पायाभूत ठरला.

१९८३ मध्ये रिचडेल यांचे निधन झाले. परंतु १९३७ साली त्यांनी कडे चढविलेली एक अल्बाट्रॉस मादी त्यानंतरही तायारोआवर येतच राहिली. पुढे ती 'ग्रँडमा' म्हणून ओळखली गेली. कडे चढविले तेव्हाच ती प्रौढ होती. अखेरची दिसली १९८९ मध्ये, वयाची साठी उलटल्यावर. तिची वसाहत आजही नांदते आहे. तिथली पिल्ले काही वर्षे समुद्रावर काढून पुन्हा याच भूशिराकडे वळतात. परतणाऱ्या पक्ष्यासाठी जागा सुरक्षित राखणे, हेच रिचडेल यांचे खरे कार्य होय.