कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस

अठराव्या शतकात दूरदेशींची गलबते युरोपच्या बंदरांना लागत, तेव्हा त्यांतून इतर मालाबरोबर नाना देशांचे वाळविलेले कीटकही येत. या असंख्य जीवांना ओळखावे कसे आणि नावे द्यावीत कोणती, हा विद्वानांपुढे मोठाच प्रश्न होता. तो सोडविण्यासाठी योहान ख्रिश्चन फाब्रिसियस या पंडिताने आपले आयुष्य वेचले.

फाब्रिसियसचा जन्म ७ जानेवारी १७४५ रोजी डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालील टोंडर या गावी झाला. त्याचे वडील वैद्य होते. १७६२ साली तो स्वीडनमधील उपसाला येथे गेला आणि थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनीयस याच्यापाशी दोन वर्षे शिकला. लिनीयसने कीटकांचे वर्ग मुख्यतः पंखांवरून पाडले होते. गुरूविषयी मनात आदर असूनही शिष्याने निराळी वाट धरली. कीटकाचे अन्न जसे, तसे त्याचे मुख असते, हे ध्यानी घेऊन त्याने मुखाच्या रचनेवरून वर्ग पाडले.

हे काम सोपे नव्हते. पंख सहज दिसतात. मुखाचे अवयव मात्र अतिशय सूक्ष्म. तरीही त्याने चिकाटी सोडली नाही. १७७५ साली त्याचा कीटकांवरील पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी तो कील येथील विद्यापीठात प्राध्यापक झाला. निरनिराळे संग्रह पाहण्यासाठी तो पुनःपुन्हा लंडनला जाई. त्याने आयुष्यात सुमारे दहा हजार कीटकांना नावे दिली.

तो स्वतः भारतात कधीच आला नाही. परंतु लिनीयसचाच दुसरा एक शिष्य, वैद्य योहान कोनिग, १७६८ साली तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी या डेन्मार्कच्या वसाहतीत आला होता. तेथे तो वनस्पती व कीटक गोळा करी. १७७५ च्या ग्रंथात फाब्रिसियसने एका तांबड्या किड्याला या कोनिगचे नाव दिले. तोच आपल्या शेतांतील लाल ढेकूण होय.

धाराशिव जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या शिवारात भेंडीवर किंवा कपाशीवर तांबडा-काळा किडा दिसला, तर त्याला शत्रू समजून चिरडण्याचा मोह होतो. पण हाच वेष धारण करणारे कीटक अनेक आहेत. लाल ढेकणाच्या मानेशी पांढरी पट्टी, दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका आणि पोटाखाली आडवे पांढरे पट्टे असतात. आपली लांब, सडपातळ सोंड बोंडात खुपसून तो सरकीचा रस शोषतो. त्यामुळे कापूस डागाळतो. त्याच्यासारखाच रंग असलेल्या शिकारी ढेकणाची सोंड मात्र आखूड, जाड व आकड्यासारखी वाकडी असते. तिने तो पिकावरील अळ्यांना भोसकतो. दुसरा एक शिकारी तर लाल ढेकणाच्याच कुळातला. तो लाल ढेकणांनाच खातो. त्याच्या पोटाखाली ते पांढरे पट्टे नसतात. चौथा रुईच्या झाडावर आढळतो. अविचाराने हात उचलला, तर शत्रूऐवजी शेतकऱ्याचा मित्रच मारला जातो. विशेष हे, की या चौघांनाही शास्त्रीय नाव प्रथम फाब्रिसियसनेच दिले.

१८०७ साली इंग्रजांनी डेन्मार्कच्या राजधानीवर तोफांचा मारा केला. आपल्या देशावर कोसळलेल्या या संकटाने वृद्ध फाब्रिसियस फार व्यथित झाला. पुढे ३ मार्च १८०८ रोजी कील येथे त्याचे निधन झाले.

वरवरच्या रंगावरून कोणासही शत्रू ठरवू नये, आधी नीट निरखून पाहावे, ही दृष्टी त्याने जगाला दिली. ती शेतकऱ्याला जितकी उपयोगी, तितकीच विद्यार्थ्यालाही आहे.