सुमोमधले ‘सुमो’ कोण? सुमंत मूळगावकर आणि जुन्या गाडीचा गिअरबॉक्स

टाटा सुमो हे नाव ऐकलं की बहुतेकांना जपानी पैलवान आठवतो. पण नावाचा त्याच्याशी काही संबंध नाही. सुमंतमधला ‘सु’ आणि मूळगावकरमधला ‘मो’ (इंग्रजी स्पेलिंगमधला) जोडून ते नाव तयार झालं. गाडी बाजारात आली १९९४ मध्ये, आणि सुमंत मूळगावकर गेले १९८९ मध्ये. म्हणजे स्वतःच्या नावाची गाडी त्यांनी कधी पाहिलीच नाही.

आज त्यांच्याबद्दल का लिहितोय? चाकणला नोकरी लागली की आपल्याकडची पोरं पहिल्या-दुसऱ्या वर्षात सेकंड हँड गाडी शोधायला लागतात. मग मला हमखास विचारतात, गिअरबॉक्स चांगला आहे हे कसं ओळखायचं? एखादं ॲप आहे का? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर या माणसाच्या कामाच्या पद्धतीत आहे.

मूळगावकरांचा जन्म १९०६ चा, मुंबईचा. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात इंजिनिअरिंग शिकून ते परत आले आणि सिमेंटच्या धंद्यात शिरले. दुसऱ्या महायुद्धात परदेशी मशिनरी मिळणं अवघड झालं, तेव्हा सिमेंट कारखान्याची यंत्रं इथेच बनवण्याच्या कामात ते पुढे होते. १९४९ मध्ये ते टेल्कोत आले, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये. तेव्हा ही कंपनी जमशेदपूरला रेल्वेची इंजिनं बनवायची. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार झाला आणि ट्रक सुरू झाले. जुन्या ट्रकांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा दिसायचा तो यामुळेच. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला, टाटांचा ‘टी’ आला.

पण त्याच्या तीन वर्षं आधीच, १९६६ मध्ये, पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर नवा कारखाना उभा राहायला लागला होता. इथला पहिला ट्रक बाहेर पडला १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षं काय चाललं होतं? मूळगावकरांनी आधी हात घातला तो पोरांना शिकवण्यात, डाय-साचे बनवण्यात आणि मशीन टूल्समध्ये. म्हणजे गाडी बनवणारी मशिनं आधी बनवायची, गाडी नंतर. सोबत झाडं लावली, तळंही केलं. आजच्या स्टार्टअपवाल्यांना हा वेग ऐकून घाम फुटेल, पण मला तो हिशेब पटतो. गिअरचं उदाहरण घ्या. दाताचा वरचा थर काचेसारखा कडक लागतो, नाहीतर तो झिजतो. आतला गाभा मात्र थोडा लवचिक लागतो, नाहीतर झटक्याला दात तुटतो. हे जमायला भट्टी, कटर आणि हात, तिन्ही तयार लागतात. विकत आणलेल्या ड्रॉइंगवर ते येत नाही.

आता त्यांचा सगळ्यात गाजलेला किस्सा. तो तोंडोतोंडी आलाय, त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चाला. दुपारच्या जेवणाला साहेब ऑफिसातून गायब व्हायचे. लोकांना वाटायचं डीलर कुठल्यातरी भारी हॉटेलात नेत असतील. प्रत्यक्षात ते हायवेच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांसोबत जेवायचे. गाडीत काय चांगलं, काय खटकतं ते ऐकायचे आणि परत येऊन डिझाइनवाल्यांच्या डोक्याला खाद्य द्यायचे.

ड्रायव्हरच का? कारण गिअरबॉक्सचा आजार सगळ्यात आधी हाताला कळतो. त्या काळच्या बऱ्याच ट्रकांत सिंक्रो रिंग नसायची, म्हणून ड्रायव्हर डबल क्लच मारायचे: क्लच दाबा, न्यूट्रल, सोडा, रेस द्या, परत दाबा, मग गिअर. आपल्या कारमध्ये हे वेग जुळवायचं काम एक छोटी रिंग करते, बहुतेक वेळा पितळी. ती झिजली की गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल फोनला जोडलात तर इंजिनचे एरर दिसतील, पण साध्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये झिजलेली रिंग सांगणारा सेन्सरच नसतो.

मग गाडी बघायला गेलात की इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर संशय क्लचवर घ्या, तो पूर्ण सुटत नसावा. दोन्ही वेळा अडत असतील तर केबल, लिंकेज किंवा बॉक्सच्या आत काहीतरी आहे. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते? बॉक्समधलं बेअरिंग. उलट, दाबल्यावरच आवाज येतो? मग क्लचचं रिलीज बेअरिंग, आणि तो खर्च त्या मानाने कमी. चढावर वरच्या गिअरला रेस वाढते पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपत आली. चाकण-तळेगाव रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज हाफ क्लचवर रांगलेल्या गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप न्यूट्रलला उडी मारत असेल, तर किंमत कितीही उतरवली तरी मी ती गाडी घेणार नाही. बॉक्स उघडावाच लागतो, आणि उघडल्यावर बिल कुठे थांबेल ते कुणालाच सांगता येत नाही.

जमलं तर विकणाऱ्यासमोर गिअर ऑइल थोडं काढायला सांगा. बोटावर चोळल्यावर चमचमणारा कीस मोठ्या कणांचा लागला तर परत फिरा.

मूळगावकरांच्या शेवटच्या काळात, १९८६ मध्ये, टाटा ४०७ आला. तेव्हा छोट्या ट्रकांच्या बाजारात जपानी तंत्रज्ञानाच्या कंपन्या उतरल्या होत्या, तरी ४०७ टिकला आणि आजही तुम्हाला भोसरीच्या कुठल्याही चौकात भाजी नाहीतर लोखंड वाहताना दिसेल. सुमोचं उत्पादन मात्र २०१९ मध्ये थांबलं. त्यामुळे आता जी सुमो मिळेल ती सेकंड हँडच. घ्यायची असेल तर आधी त्या ड्रायव्हरला गाठा ज्याने ती रोज चालवली, मालकाशी नंतर बोला.