एअर व्हाइस मार्शल एरलिक पिंटो : एक कृतज्ञ स्मरण

देवस्थानाच्या स्मरणिकेत देवकार्यासाठी झिजलेल्या पूर्वजांचे स्मरण करण्याची आपली परंपरा आहे. परंतु ज्या भूमीवर आपली देवालये उभी आहेत, त्या भूमीच्या मुक्तीसाठी व रक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांचेही ऋण महाजनांवर आहेच. असे एक नाव म्हणजे भारतीय हवाई दलाचे एअर व्हाइस मार्शल एरलिक विल्मट पिंटो. गोवा मुक्तीच्या इतिहासात त्यांचे कार्य मोठे आहे, तरी आपल्या पेडणे महालात ते फारसे कोणाच्या मुखी नाही.

डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्तीसाठी भारत सरकारने सैन्य पाठविण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हवाई कारवाईची सर्व सूत्रे पिंटो यांच्याकडे होती. पुढे वेस्टर्न एअर कमांड या नावाने ओळखल्या गेलेल्या विभागाचे ते प्रमुख होते. पुणे आणि बेळगावजवळील सांबरा हे या मोहिमेचे मुख्य हवाई तळ होते. जमिनीवरून मेजर जनरल कँडेथ यांची 17 वी डिव्हिजन पुढे सरकत होती. ब्रिगेडियर सगत सिंग यांची 50 वी पॅरा ब्रिगेड उत्तरेकडून, आपल्या इब्रामपूरच्या शेजारच्या दोडामार्गाच्या बाजूने गोव्यात उतरली. या सर्व सैन्यावर हवेतून छत्र धरण्याचे काम पिंटो यांच्या वैमानिकांचे होते.

त्यांच्यापुढील कामगिरी मोठी नाजूक होती. दाबोळीची धावपट्टी निकामी करावयाची, परंतु विमानतळाच्या इमारतीला व अन्य सोयींना धक्का लावावयाचा नाही. बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडावयाचे आणि पुढे जाणाऱ्या सैनिकांना साहाय्य करावयाचे. 18 डिसेंबरच्या सकाळी पुण्याहून निघालेल्या 12 कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. नंतर आणखी 8 विमानांची दुसरी फेरी झाली. सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे केंद्र उद्ध्वस्त केले. दाबोळीची इमारत मात्र शाबूत राहिली आणि तेथे उभी असलेली दोन प्रवासी विमानेही वाचली. त्याच रात्री धावपट्टीची तात्पुरती डागडुजी करून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी आपल्यापैकी काहींच्या कुटुंबीयांना त्या विमानांतून बाहेर पाठविले. निव्वळ युद्धशास्त्राच्या दृष्टीने कोणी यास उणीव म्हणेल. परंतु त्या विमानांत स्त्रिया व मुले होती, हे ध्यानी घेता ती उणीव आपणास भूषणावह वाटते. 19 डिसेंबर रोजी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. राखून ठेवलेला तो विमानतळ पुढे कित्येक दशके गोमंतकीयांच्याच उपयोगी पडला.

हाती प्रचंड सामर्थ्य असताना ते जेवढे आवश्यक तेवढेच वापरणे, हा विश्वस्ताचा धर्म होय. देवस्थानाचे द्रव्य सांभाळणाऱ्या महाजनास हा धर्म निराळा सांगावयास नको. पिंटो यांनी तो रणांगणावर पाळला.

गोव्यानंतर त्यांना स्वस्थता लाभली नाही. उत्तर सीमेवर संकटाचे ढग जमत होते. 23 जुलै 1962 रोजी स्क्वाड्रन लीडर राजे यांनी लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथे पॅकेट विमान प्रथमच उतरविले. सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवरचे ते ओसाड मैदान. तेथे हवा इतकी विरळ की यंत्राची शक्ती व पंखांचा आधार दोन्ही उणावतात. त्या विमानात पिंटो स्वतः बसले होते. ज्या साहसावर कनिष्ठांना पाठवावयाचे, त्यात आपणही सहभागी व्हावे, ही त्यांची वृत्ती यावरून दिसते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनशी युद्ध पेटले असता चंदीगडहून एएन-12 विमानांतून एएमएक्स रणगाडे चुशूलला पोहोचविण्याची अवघड कामगिरीही हवाई दलाने पार पाडली.

वर्षभराने, 22 नोव्हेंबर 1963 रोजी, काळाने घाला घातला. जम्मू-काश्मीरमधील पूंछ भागात सीमेवरील ठाण्यांच्या पाहणीसाठी वरिष्ठ अधिकारी अलुएत हेलिकॉप्टरमधून निघाले होते. लेफ्टनंट जनरल दौलत सिंग, लेफ्टनंट जनरल बिक्रम सिंग, एअर व्हाइस मार्शल पिंटो, मेजर जनरल नानावटी, ब्रिगेडियर ओबेरॉय आणि हेलिकॉप्टर चालविणारे फ्लाइट लेफ्टनंट सोधी असे सहा जण त्यात होते. तारायंत्राच्या तारांना धडकून हेलिकॉप्टर कोसळले आणि सहाही जण मृत्यू पावले. डोंगराळ मुलखात दरीवरून ओढलेली बारीक तार वरून दिसत नाही. शत्रूच्या तोफेने जे साधले नाही, ते अशा तारेने साधले. महाराष्ट्राचे सुपुत्र यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते. एकाच क्षणी पश्चिम सीमेचे सेनानायकत्व पोरके झाले. यापुढे अनेक वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांनी एकाच विमानातून प्रवास करू नये, हा दंडक या दुर्घटनेनंतर दृढ झाला.

सहा सेनानी गेले, तशी सहा घरेही अंधारली. त्या प्रत्येक घरात कोणीतरी परतीची वाट पाहत होते. राष्ट्र मानवंदना देते, दुखवटा पाळते. रिकाम्या झालेल्या जागेकडे पाहत दिवस कंठणे मात्र घरच्यांच्याच वाट्याला येते. सैनिकाच्या सेवेत त्याच्या कुटुंबाचा त्याग अर्धा असतो, हे आपण विसरता कामा नये.

आज आपल्या पेडणे तालुक्यात मोपा येथे विमानतळ झाला आहे. जानेवारी 2023 पासून तेथून विमानांची ये-जा सुरू आहे आणि मुलेबाळे कौतुकाने आकाशाकडे पाहतात. त्या मुलांना कधीतरी सांगावे, की याच गोव्याच्या आकाशात एकदा बाँबफेकी विमाने आली होती. त्यांच्या सेनापतीने गोव्याची धावपट्टी फोडली, पण गोव्याचे घर फोडले नाही.

एअर व्हाइस मार्शल पिंटो आणि त्यांच्यासमवेत देह ठेवलेल्या पाचही वीरांच्या स्मृतीस आम्हा महाजनांचे विनम्र अभिवादन.