द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर, १९१० : सोलापूर, महाराष्ट्र - ९ डिसेंबर, १९४२ : थांग परगणा, हपै प्रांत, चीन) हे मराठी शल्यचिकित्सक होते. दुसऱ्या चीन-जपान युद्धाच्या काळात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांपैकी ते एक होते. उत्तर चीनच्या डोंगराळ ग्रामीण भागात त्यांनी जखमी सैनिकांवर आणि शेतकऱ्यांवर उपचार केले, तसेच स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण दिले. चीनमध्ये ते के दिहुआ या नावाने ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

कोटणीस यांचा जन्म सोलापुरातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. कापडगिरण्यांमुळे भरभराटीस आलेल्या या शहरात त्यांचे बालपण गेले. पुढे त्यांनी मुंबईच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी घेतली. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू असतानाच चीनला जाणाऱ्या पथकासाठी त्यांनी आपले नाव दिले.

वैद्यकीय पथक

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू दे यांनी जवाहरलाल नेहरू यांच्याकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ साली जनतेला आवाहन केले आणि त्यातून निधी उभा राहिला. स्पेनच्या यादवी युद्धात सेवा केलेले अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे इतर सदस्य होते.

१ सप्टेंबर, १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले आणि त्याच महिन्यात कँटन बंदरात पोहोचले. जपानी सैन्य पुढे सरकत असल्याने पथकाला चीनच्या अंतर्भागात जावे लागले. या प्रवासात कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. घरी परतण्याची मुभा असूनही त्यांनी काम सोडले नाही. फेब्रुवारी, १९३९ मध्ये पथक यानआन येथे पोहोचले. तेथे माओ त्से-तुंग यांनी त्यांचे स्वागत केले. पथकातील पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांत चीन या अर्थाचा 'हुआ' हा शब्द जोडला.

ग्रामीण भागातील वैद्यकीय कार्य

यानआनहून कोटणीस आघाडीच्या बाजूला, शान्शी, चाहार आणि हपै या प्रांतांच्या सीमेवरील मुक्त प्रदेशात गेले. हा प्रदेश डोंगराळ व गरीब होता. आधुनिक पद्धतीने शिकलेले डॉक्टर तेथे अत्यंत कमी होते आणि जपानी नाकेबंदीमुळे औषधे व शस्त्रक्रियेची साधने दुर्मीळ झाली होती. कायमस्वरूपी इमारतीत रुग्णालय चालविणे धोक्याचे असल्याने रुग्णांना खेड्यांतील शेतकऱ्यांच्या घरांत ठेवले जाई. शत्रूची मोहीम सुरू झाली की रुग्ण व साहित्यासह सारे रुग्णालय दुसरीकडे हलवावे लागे.

याच भागात कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांनी काम केले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन नोव्हेंबर, १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालय चालविले जात होते. जानेवारी, १९४१ मध्ये कोटणीस यांची या रुग्णालयाच्या संचालकपदी नियुक्ती झाली. त्याआधी १९४० सालच्या शंभर रेजिमेंटांच्या मोहिमेत त्यांनी अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या होत्या.

एकटा डॉक्टर एवढ्या मोठ्या प्रदेशाला पुरा पडणार नाही, म्हणून येथील कामात शिक्षणाला रुग्णसेवेइतकेच महत्त्व होते. कोटणीस चिनी भाषा लिहायला व बोलायला शिकले आणि बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय विद्यालयात शल्यशास्त्र शिकवू लागले. विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके मिळत नसल्याने त्यांनी शल्यशास्त्रावर चिनी भाषेत लेखन केले. सामान्य शल्यशास्त्रावरील पुस्तक त्यांनी पूर्ण केले. त्यापुढील पुस्तक मात्र त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले.

पथकातील चोळकर व मुखर्जी १९३९ मध्ये, तर अटल १९४० मध्ये भारतात परतले. बसू यानआन येथील रुग्णालयात काम करीत राहिले आणि १९४३ मध्ये मायदेशी आले. न परतलेले कोटणीस हे एकटेच.

विवाह आणि मृत्यू

विद्यालयात परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी कोटणीस यांनी १९४१ साली विवाह केला. ऑगस्ट, १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगचन यांनी त्याचे नाव यिनहुआ असे ठेवले. त्यातील 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. जुलै, १९४२ मध्ये कोटणीस चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्य झाले होते.

अतिश्रम व अपुऱ्या आहारामुळे त्यांची प्रकृती ढासळली होती आणि त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांती घेण्याचा सहकाऱ्यांचा आग्रह त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर, १९४२ रोजी थांग परगण्यातील खेड्यात, वयाच्या ३२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचा मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. यिनहुआ पुढे वैद्यकीय शिक्षण घेत होते. १९६७ साली, शिक्षण पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. क्वो छिंगलान २०१२ साली निवर्तल्या.

स्मृती

हपै प्रांतातील शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत बेथ्यून यांच्यासह कोटणीस यांचेही स्मारक आहे. बेथ्यून रुग्णालय आज याच शहरात आहे. कोटणीस यांच्या चिनी नावाने तेथे एक वैद्यकीय विद्यालयही चालते. चीनने १९८२ साली व भारताने १९९३ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. सोलापुरातील त्यांच्या राहत्या घराचे महानगरपालिकेने स्मारकात रूपांतर केले आहे.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीस यांच्या जीवनावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यावर आधारित 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा हिंदी चित्रपट व्ही. शांताराम यांनी १९४६ साली दिग्दर्शित केला आणि कोटणीस यांची भूमिकाही स्वतःच केली.