अबोल शास्त्रज्ञ : पॉल डिरॅक

दहावीला वर्गसमीकरण सोडवताना दोन उत्तरे यायची, एक धन आणि एक ऋण. शेताची लांबी ऋण नसते, म्हणून दुसरे उत्तर अमान्य, असे लिहून आम्ही मोकळे व्हायचो. आता मी कला शाखेत आहे, गणिताशी संबंध सुटला. पण असे उत्तर ज्यांनी खोडले नाही त्या माणसाचे चरित्र ग्रंथालयात हाती लागले आणि ते मनातून जाईना.

पॉल डिरॅक यांचा जन्म ८ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. वडील मूळचे स्वित्झर्लंडचे, शाळेत फ्रेंच शिकवीत. जेवताना पॉलने त्यांच्याशी फ्रेंचमध्येच बोलायचे, तेही बिनचूक, असा दंडक होता. आई, थोरला भाऊ फेलिक्स आणि धाकटी बहीण स्वयंपाकघरात जेवत. चुकण्यापेक्षा गप्प बसलेले बरे, हे पॉल तेथे शिकला. पुढे केंब्रिजच्या मित्रांनी थट्टेने ‘डिरॅक’ नावाचे मापच काढले : तासाला एक शब्द! इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसणाऱ्या माझ्यासारख्याला हा माणूस जवळचा वाटला यात नवल नाही.

फेलिक्सला डॉक्टर व्हायचे होते; वडिलांनी त्याला इंजिनिअरिंगला घातले. मागोमाग पॉलही तेथेच गेला आणि पहिल्या वर्गात आला. हळूहळू दोघे भाऊ रस्त्यात भेटले तरी बोलेनासे झाले. १९२१ च्या मंदीत पॉलला नोकरी मिळाली नाही, म्हणून ब्रिस्टललाच बिनफीचे गणित शिकून तो १९२३ मध्ये केंब्रिजला गेला. १९२५ मध्ये फेलिक्सने आत्महत्या केली. आईवडिलांचा शोक पाहून पॉल चकित झाला. त्यांचा मुलांवर इतका जीव असेल हे त्याला ठाऊकच नव्हते.

येथे मी पुस्तक मिटून ठेवले. मी शिकावे म्हणून माझ्या दादाने दहावीनंतर शाळा सोडली. सुट्टीत घरी गेलो की आम्ही काय बोलतो? पाऊस, विहीर आणि एस.टी.ची वेळ.

१९२८ मध्ये डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनचे समीकरण मांडले. त्यात क्वांटम सिद्धांत आणि आइन्स्टाइन यांची सापेक्षता एकत्र आली. मात्र धन ऊर्जेबरोबर ऋण ऊर्जेचीही उत्तरे निघाली. त्यांचा अर्थ लावताना आधी त्यांना प्रोटॉन आठवला. पण तो इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड! अखेर १९३१ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा पण धन विद्युतभाराचा, कोणी न पाहिलेला कण सुचवला.

२ ऑगस्ट १९३२ रोजी अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांच्या एका छायाचित्रात वाकलेली रेघ दिसली. चुंबकामुळे कणाची वाट वाकते. पण खाली येणारा इलेक्ट्रॉन आणि वर जाणारा धन कण यांची रेघ एकाच बाजूला वाकते. मग ओळखायचे कसे? वाटेत शिशाचा ६ मिलिमीटर जाडीचा पत्रा ठेवला होता. पत्रा ओलांडताना कणाचा जोर कमी होतो आणि रेघ जास्त वाकते. ती वरच्या बाजूला जास्त वाकलेली होती. कण वर गेला होता, म्हणजे तो धन होता. हाच पॉझिट्रॉन, पहिला सापडलेला प्रतिकण.

दिवाळीत दादाला हे सांगितले. म्हटले, चिखलातल्या चाकोरीवरून गाडी गेली की आली ते कळते का? तो लगेच म्हणाला की चाकोरी कशाला बघायची, बैलाचे खूर बघावेत. शिशाच्या पत्र्याचे काम त्याला माझ्याआधी कळले.

मग मी पुढचे सांगितले. श्ट्युकेलबर्ग यांनी १९४१ मध्ये आणि फाइनमन यांनी १९४९ मध्ये दाखवले की गणितात पॉझिट्रॉन हा काळात उलट जाणारा इलेक्ट्रॉन मानता येतो. म्हणजे तो कालच्या दिवसात परत जातो का, असे दादाने विचारले. नाही, हिशेब तसा मांडता येतो एवढेच, असे मी म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने मला विचारले की त्या शास्त्रज्ञाच्या भावाचे नाव काय होते.

१९३३ मध्ये डिरॅक यांना श्रोडिंगर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. प्रसिद्धीच्या भीतीने ते नाकारायचे त्यांच्या मनात होते. नाकारल्यास अधिकच गवगवा होईल, हे रदरफर्ड यांनी त्यांना पटवले. स्टॉकहोमला त्यांनी आईला नेले. वडिलांना नेले नाही. तीन वर्षांनी वडील वारले. डिरॅक स्वतः २० ऑक्टोबर १९८४ रोजी अमेरिकेत, फ्लॉरिडातील टॅलाहासी येथे वारले.