विश्लेषण : पहिल्या सामन्यात शून्य यार्ड, तरीही वॉल्टर पेटन महान कसे ठरले?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन बचावफळी भेदत धावणाऱ्या खेळाडूला ‘रनिंग बॅक’ म्हणतात. तो किती यार्ड पुढे सरकला, यावर त्याची किंमत ठरते. पण नवख्या खेळाडूला एवढ्यावरच जोखावे का?

पदार्पणात काय घडले?
मिसिसिपीत वाढलेल्या पेटन यांना १९७५ मध्ये शिकागो बेअर्सने ‘ड्राफ्ट’मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडले. पहिल्या सामन्यात ते आठ वेळा धावले. कमाई शून्य यार्ड! हंगामाअखेर ६७९ यार्ड, म्हणजे प्रत्येक धावेला सरासरी साडेतीन यार्ड.

आकडे काय सांगत नव्हते?
रनिंग बॅकला वाट करून देतात ते पुढच्या फळीतील सहकारी. ती फळी कमी पडली, तर चांगला धावपटूही अडकतो. बेअर्सने त्या हंगामात १४ पैकी चारच सामने जिंकले होते.

पुढे काय झाले?
संघाने भरवसा सोडला नाही. १९७६ मध्ये पेटन यांनी १,३९० यार्ड, तर १९७७ मध्ये १,८५२ यार्ड कमावले आणि लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. त्याच वर्षी अंगात ताप असताना मिनेसोटाविरुद्ध २७५ यार्डांचा तेव्हाचा विक्रम केला. १९८६ च्या जानेवारीत बेअर्सने सुपर बोल जिंकला.

१९८७ च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले, तेव्हा नावावर १६,७२६ यार्ड होते. यकृताच्या विकारानंतर झालेल्या पित्तनलिकेच्या कर्करोगाने १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. तो विक्रम २००२ पर्यंत अबाधित राहिला. पहिल्या सामन्यातील शून्यावरूनच निकाल लावला असता, तर ही कारकीर्द घडलीच नसती.